स्कोअर दिसला, गुठळी दिसली नाही

(चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या सभेत एका निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या सभेत मी वेतनवाढीविषयी किंवा बोनसविषयी बोलणार नाही. त्या प्रश्नांवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारे साथी व्यासपीठावर आहेत. मला बोलायचे आहे ते फुफ्फुसात होणाऱ्या रक्ताच्या गुठळीविषयी आणि ती गुठळी पाहणाऱ्या यंत्राविषयी. कामगारांच्या सभेत हा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उभा राहील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, मुखपट्ट्या निघाल्या, कारखान्यांच्या दारांवरचे तापमापक अडगळीत गेले. मग ही जुनी जखम आता उकरण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, त्या दोन वर्षांत आपण पुष्कळ सोसले, परंतु जे सोसले त्याचा अर्थ नीट लावला नाही. अर्थ न लावता विसरलेले दुःख पुन्हा येते, आणि बहुधा त्याच घरी येते.

मी जन्मभर क्ष-किरण खात्यात नोकरी केली. निवृत्तीनंतरही करोनाच्या काळात माणसे कमी पडली म्हणून एका खासगी तपासणी केंद्रात काही महिने काम केले. एप्रिल २०२० मध्ये सोलापूर शहरात पहिला रुग्ण आढळला, तेव्हापासून २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसऱ्या लाटेपर्यंत जे पाहिले त्यातली एकच गोष्ट आज सांगतो. ती सांगताना मला स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागणार आहे.

मे २०२१ मधील गोष्ट. याच वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण तपासणीसाठी आला होता. वय पस्तीसच्या आतबाहेर. ताप उतरून चार दिवस झाले होते, धाप मात्र जात नव्हती. छातीचा सीटी स्कॅन झाला. बाहेर त्याची पत्नी उभी होती. तिने मला विचारले, "काका, स्कोअर आठ आलाय, म्हंजे बरं हाय नव्हं?" मी म्हटले, "पंचवीसपैकी आठ आहे ताई, घाबरू नका." मी डॉक्टर नव्हतो, अहवालाचा अर्थ सांगण्याचा मला अधिकार नव्हता. परंतु त्या दिवसांत प्रत्येक जण कुणाला तरी धीर देतच होता. घरी जाताना तो गृहस्थ एक पाय किंचित ओढत चालत होता. त्याची एक पोटरी दुखत असल्याचे पत्नी म्हणाली. अशक्तपणा असेल, असे मीच म्हणालो. पाचव्या की सहाव्या दिवशी तो पुन्हा पाळीवर गेला, कारण ठेकेदाराने दुसरा माणूस घेण्याची भाषा केली होती. त्यानंतर दोन दिवसांनी घरात उठून उभा राहताना तो कोसळला आणि वाहन मिळेपर्यंत सारे संपले होते.

त्याला फुफ्फुसात गुठळी झाली होती काय? मला ठाऊक नाही. शवविच्छेदन झाले नाही. गुठळी पाहण्याची तपासणी झालीच नव्हती. म्हणून तो गुठळीने गेला असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण धाप आणि दुखरी पोटरी या दोन गोष्टी एकत्र दिसल्यावर जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो कुणीच विचारला नाही, मीही नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्या प्रश्नासाठीच आज उभा आहे.

मित्रहो, आधी रोग समजावून घेऊ. जखम झाली की रक्त गोठते. ते गोठले नाही तर माणूस वाचणार नाही. तेच रक्त न फुटलेल्या वाहिनीत गोठले की घात होतो. बहुधा अशी गुठळी पायाच्या खोल नीलेत धरते. ती सुटली की रक्ताच्या प्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते आणि तिथून फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. फुफ्फुसात हवा येत असते, परंतु ती हवा घ्यायला रक्त पोचत नाही. गुठळी लहान असेल तर धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, नाडी धावते. मोठी असेल तर हृदयाचा उजवा भाग त्या बंद दरवाजावर धडका देऊन थकतो आणि माणूस काही मिनिटांत जातो.

गुठळी एका ठिकाणी धरते आणि वाहत जाऊन दुसऱ्या ठिकाणी अडकते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन वैद्याने प्रयोगांनी दाखवून दिली. या विकाराची जी नावे आजही जगभर चालतात, ती त्यानेच रूढ केली. रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे आजही त्याच्या नावानेच शिकवली जातात. परंतु या व्हिर्कोची दुसरी ओळख आपल्याला अधिक जवळची आहे. १८४८ साली अप्पर सायलेशिया या दरिद्री प्रांतात टायफसची साथ आली, तेव्हा प्रशियाच्या सरकारने त्याला पाहणीसाठी पाठविले. सरकारला औषधांची यादी हवी होती. त्याने अहवालात लिहिले की, या साथीवरचा खरा उपाय लोकशाही, शिक्षण आणि लोकांची भाकरी हा आहे. बर्लिनला परतल्यावर तो क्रांतिकारकांबरोबर मोर्चेबंदीवर उभा राहिला आणि पुढे या राजकारणापायी त्याला आपली जागा सोडावी लागली. गुठळीचा शोध घेणारा आणि साथीच्या मुळाशी दारिद्र्य पाहणारा माणूस एकच होता, हा मी योगायोग मानीत नाही. वाहिनीत रक्त का अडले हे ज्याला विचारता येते, त्याला वस्तीत भाकरी का अडली हेही विचारता येते.

आता करोनाकडे येऊ. हा विषाणू केवळ फुफ्फुसाच्या हवेच्या पिशव्यांना इजा करीत नाही. वाहिन्यांचे अस्तर सुजते, रक्तात गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि रुग्ण दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहिल्याने प्रवाह मंदावतो. व्हिर्कोची तिन्ही कारणे एकाच देहात एकत्र येतात. एप्रिल २०२० मध्येच युरोपातून वृत्ते येऊ लागली. नेदरलँड्समधील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या १८४ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना गुठळ्यांचे उपद्रव झाले, आणि त्यांत फुफ्फुसातील गुठळ्या सर्वाधिक होत्या. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १०६ करोनारुग्णांची धमन्यांची सीटी तपासणी झाली. त्यांपैकी ३२ जणांत गुठळी सापडली. हे आकडे गंभीर किंवा निवडक रुग्णांचे आहेत, सरसकट सर्व रुग्णांचे नव्हेत, हे ध्यानी ठेवले पाहिजे. त्याच वर्षी करोनाने मृत्यू पावलेल्या सात जणांची फुफ्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली आणि इन्फ्लुएंझाने गेलेल्या सात जणांच्या फुफ्फुसांशी ती ताडून पाहिली गेली. करोनाच्या फुफ्फुसांत केशवाहिन्यांतील बारीक गुठळ्या नऊपट होत्या.

म्हणजे २०२० च्या उन्हाळ्यात जगाला हे कळले होते. मग २०२१ च्या उन्हाळ्यात सोलापुरातील एका तपासणी केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या बाईला ते का कळले नव्हते?

याचे उत्तर यंत्राच्या खोलीत आहे. म्हणून थोडा वेळ तिथे चला. विल्हेल्म राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि त्यांवर एकस्वाचा हक्क घेतला नाही. जगाने ते फुकट वापरावेत अशीच त्याची भावना होती. साध्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसाची सावली दिसते. गुठळी दिसत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि अ‍ॅलन कॉर्मॅकला मिळून दिले गेले. सीटी म्हणजे देहाभोवती फिरणाऱ्या क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेली, पावाच्या चकत्यांसारखी आतली चित्रे.

परंतु या सीटीचेही प्रकार आहेत, आणि आपली सारी दिशाभूल इथे झाली. करोनाच्या काळात घराघरांत ज्याचे नाव पोचले ती एचआरसीटी तपासणी. फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येक खंडाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. न्यूमोनियाने किती भाग व्यापला याचा तो अंदाज. या तपासणीत शिरेतून कोणतेही औषध सोडत नाहीत. त्यामुळे वाहते रक्त आणि गोठलेले रक्त दोन्ही चित्रात जवळजवळ सारखीच करडी दिसतात. गुठळी असली तरी ती रक्ताच्या रंगात लपून जाते. याचा अर्थ असा की, स्कोअर आठ असलेल्या माणसाच्या धमनीत जीवघेणी गुठळी असू शकते, आणि स्कोअर अठरा असलेल्याच्या धमन्या मोकळ्या असू शकतात. मी त्या ताईंना जो धीर दिला, त्याला शास्त्राचा आधार नव्हता.

गुठळी पाहण्यासाठी जी तपासणी लागते तिला सीटी पल्मनरी अँजिओग्राफी म्हणतात. हाताच्या शिरेत जरा जाड सुई बसवतात. आयोडीनयुक्त औषध, ज्याला आमच्या खात्यात कॉन्ट्रास्ट किंवा नुसते 'डाय' म्हणतात, ते पंपाने सेकंदाला चार-पाच मिलिलिटर या वेगाने सोडतात. रुग्णाच्या अंगभर उष्णता पसरते. हे औषध फुफ्फुसाच्या धमनीत पोचण्याचा नेमका क्षण साधावा लागतो. चार सेकंद लवकर किंवा उशीर झाला की चित्र वाया जाते. रुग्णाने श्वास रोखायचा आणि तेवढ्यात यंत्र फिरते. औषधाने भरलेली धमनी चित्रात पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्यात गुठळी असेल तर तेवढी जागा काळी राहते. डाय देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम आणि आयोडीनची अ‍ॅलर्जी पाहावी लागते. वाचणारा डॉक्टर अनुभवी असावा लागतो, कारण करोनात या गुठळ्या बहुधा धमनीच्या मुख्य खोडात नसून लहान फांद्यांत असतात.

तेव्हा, मित्रहो, ही तपासणी म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. तिला माणसे लागतात, वेळ लागतो, औषध लागते. एचआरसीटी मात्र काही मिनिटांत होते, तिचा आकडा चटकन सांगता येतो आणि आकड्याचा बाजार मांडता येतो. तो मांडला गेला. दर इतके चढले की महाराष्ट्र शासनाला सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीच्या दरांवर मर्यादा घालावी लागली: यंत्राच्या क्षमतेनुसार दोन हजार, अडीच हजार आणि तीन हजार रुपये. शासनाच्या या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अडीच हजार रुपये ही ठेकेदाराकडील मजुराची जवळजवळ आठवड्याची मजुरी होती, हेही विसरता कामा नये. मे २०२१ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले की, सौम्य आजारात सीटी काढण्याचे कारण नाही. एक सीटी म्हणजे तीनशे ते चारशे एक्स-रे, ही त्यांची तुलना क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने अतिशयोक्त ठरविली. त्या वादात मी शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की, ज्यांना सीटीची गरज नव्हती त्यांनी रांगा लावून सीटी काढले आणि ज्यांना गुठळीच्या तपासणीची गरज होती त्यांना ती कुणी सुचवली नाही. एकाच खोलीत तपासणीचा अतिरेकही होता आणि दुष्काळही होता. ज्या व्यवस्थेत तपासणी ही गरजेने नव्हे तर मागणीने आणि ऐपतीने ठरते, तिथे याहून वेगळे घडणार नाही.

रक्तातील डी-डायमर ही तपासणीही आपल्या परिचयाची झाली. एरव्ही ती सामान्य आली तर बहुधा गुठळी नाही असे धरता येते. परंतु करोनात ती पुष्कळांत गुठळीशिवायही वाढलेली असते. म्हणून केवळ त्या आकड्यावर घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूक.

शिवाय अँजिओग्राफी म्हणजे सर्वज्ञान नव्हे. केशवाहिन्यांतील ज्या बारीक गुठळ्यांविषयी मी मघाशी बोललो, त्या तिच्याही नजरेच्या पलीकडे राहतात. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणाऱ्या सीटीत फुफ्फुसाच्या कोणत्या भागात रक्त पोचत नाही याचा नकाशा मिळतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि शेफील्ड येथील संशोधकांनी झेनॉन वायू हुंगवून एमआरआय काढला, तेव्हा ज्यांचा साधा सीटी जवळजवळ निर्दोष होता अशा धाप लागणाऱ्या काही रुग्णांतही वायू रक्तात नीट उतरत नसल्याचे दिसले. याचा अर्थ आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुझे सारे मनाचे खेळ आहेत, कामावर ये," असे ज्या कामगारांना सांगितले गेले, त्यांच्यापैकी कित्येकांची धाप खरी होती. यंत्राला दिसले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

मग सर्वांनाच झेनॉन हुंगवा आणि सर्वांनाच डाय टोचा, अशी मागणी मी करणार आहे काय? नाही. गरिबांच्या आरोग्याचे राजकारण महागड्या यंत्रांच्या मागणीपुरते संकुचित झाले तर ते यंत्रविक्रेत्यांचे राजकारण होते. गुठळीचा संशय घ्यायला पहिले साधन लागते ते विचारपूस करणारा माणूस. आजाराच्या मानाने फार धाप, श्वासाबरोबर छातीत कळ, थुंकीत रक्त, घेरी, एकाच पायाची सूज. हे विचारायला पैसे पडत नाहीत. बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालण्याची चाचणी आपल्या गावोगावच्या आशा ताईंनी केली आहे. पायाच्या शिरांची सोनोग्राफी, हृदयाचा आलेख, खाटेपाशी होणारा हृदयाचा इको, ही साधने लहान रुग्णालयातही ठेवता येतात. पायाच्या शिरेत गुठळी सापडली तर पुष्कळदा सीटीची वाट न पाहता उपचार सुरू करता येतो. या पायऱ्या चढून ज्याला अँजिओग्राफीची गरज ठरेल, त्याला ती त्याच दिवशी आणि खिशाकडे न पाहता मिळाली पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे. आणि ती यंत्राच्या मागणीपेक्षा मोठी आहे.

उपचाराविषयी दोन शब्द. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन हे औषध बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून काढतात आणि त्याच्या कच्च्या मालासाठी आपण मुख्यतः चीनवर अवलंबून होतो. २०२० मध्ये तो महागला, तेव्हा केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हेपॅरिनच्या किंमतीत एकदाच पन्नास टक्क्यांपर्यंत वाढ करण्यास परवानगी दिली. २०२२ च्या वसंतात शांघायमधील टाळेबंदीने तिथला डाय बनविणारा एक मोठा कारखाना मंदावला आणि दूर अमेरिकेतील रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. आरोग्याची दोरी किती थोड्या हातांत आहे, हे यावरून दिसते. हेपॅरिनच्या मात्रेविषयीही शास्त्राने नम्रता शिकवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत असे आढळले की, मध्यम आजाराच्या दाखल रुग्णांना हेपॅरिनची पूर्ण मात्रा उपकारक ठरते, अत्यवस्थांना मात्र तिचा तसा लाभ होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावही होतो.

मला ठाऊक आहे की, आता सभेतून लशीविषयी प्रश्न येईल. २०२४ मध्ये वृत्तपत्रांत त्याची पुन्हा चर्चा झाली आणि प्रत्येक अकस्मात मृत्यू लशीच्या खात्यावर मांडला जाऊ लागला. खरे काय ते सांगितले पाहिजे. पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्डसारख्या लशीने अतिशय विरळा एक विशिष्ट प्रकारचा गुठळीचा विकार होऊ शकतो. हे लपवण्याचे कारण नाही. मे २०२१ मध्ये केंद्रीय समितीने असे २६ संशयित प्रसंग नोंदवले, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक करोनारुग्णांची चाळीस लाख इतरांशी तुलना झाली. संसर्गानंतरच्या पहिल्या तीस दिवसांत फुफ्फुसातील गुठळीचा धोका तेहतीसपट होता, आणि तो वाढलेला धोका सहा महिन्यांपर्यंत टिकला. रुग्णालयात न जाता घरीच बरे झालेल्यांतही तो वाढलेलाच होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. लशीची भीती पसरवणारा माणूस खऱ्या मारेकऱ्याला पाठ देऊन उभा असतो.

स्वीडनच्या त्या आकड्यांतून आपल्या प्रश्नाचे मर्म कळते. सर्वांत धोक्याचे दिवस कोणते? ताप उतरल्यानंतरचे. आणि ठेकेदाराकडील कामगार पाळीवर परत कधी जातो? नेमका त्याच दिवसांत. त्याला विश्रांतीचा, पुनर्तपासणीचा, नुसते "धाप लागते हो" असे म्हणण्याचाही अवकाश नसतो.

वस्तुतः कायद्याने तो अवकाश दिलेला आहे. १९४४ च्या अडारकर अहवालातून आणि १९४८ च्या कायद्यातून कर्मचारी राज्य विमा योजना उभी राहिली. दहा किंवा अधिक माणसे राबणाऱ्या कारखान्यात एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ती लागू होते. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. आवश्यक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. म्हणजे ज्या तरुणाची गोष्ट मी सांगितली, त्याचे नाव त्या नोंदवहीत असते तर पाचव्या दिवशी त्याला पाळीवर जावे लागले नसते. त्याचे नाव नोंदवहीत नव्हते. गुठळी कुठे धरते हे व्हिर्कोने सांगितले; ती कुणाच्या जिवावर उठते हे हजेरीपट सांगतो.

सोलापूरच्या कष्टकऱ्यांना फुफ्फुसाचे दुखणे नवीन नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या कापसाच्या धुळीने भरलेल्या छात्या घेऊन लोक घरी गेले. यंत्रमागावर, तंबाखूच्या सुपापाशी, रसायनांच्या टाकीपाशी तीच कथा थोड्याफार फरकाने चालते. त्यांच्या धापेला दमा म्हणावयाचे आणि मृत्यूला नशीब म्हणावयाचे, ही रीतही जुनीच. परंतु याच शहराने १९१० साली जन्मलेला द्वारकानाथ कोटणीस नावाचा वैद्यही दिला. १९३८ मध्ये तो चीनमधील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेला आणि बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवला. रुग्ण कोणत्या देशाचा, त्याच्या खिशात काय, हे त्याने विचारले नाही. या गावाची खरी परंपरा ती आहे.

म्हणून आज आपण थोड्या, पण निश्चित गोष्टी ठरवून उठावे, असे मला सुचवावेसे वाटते. या वसाहतीतील प्रत्येक कारखान्यात ठेकेदाराकडील किती माणसांची विमा योजनेत नोंद आहे, याची यादी आपल्या कार्यकर्त्यांनी महिनाभरात करावी. ज्यांची नोंद नाही त्यांच्यासाठी आधी मालकाकडे, मग विमा कार्यालयाकडे जावे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फुफ्फुसाच्या धमन्यांची सीटी तपासणी अहोरात्र, सुट्टीच्या दिवशीही, विनामूल्य आणि त्याच दिवशीच्या अहवालासह मिळावी, आणि तालुक्याच्या रुग्णालयात पायाच्या शिरांची सोनोग्राफी मिळावी, हे निवेदन आपण घेऊन जावे. तपासणीचा अहवाल रुग्णाला मराठीत समजावून देणारा माणूस तिथे असावा, हेही त्यात लिहावे. आजारातून उठलेल्या कामगाराची जागा भरण्याची धमकी कुणी देऊ लागला, तर तो प्रश्न त्या एकट्याचा न राहता साऱ्या पाळीचा व्हावा.

आणि हे केवळ करोनापुरते नव्हे. यंत्रात पाय सापडून प्लास्टरमध्ये पडलेला कामगार, नुकतीच बाळंत झालेली भगिनी, शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर खाटेवर असलेला वृद्ध, कर्करोगाचा रुग्ण, या सर्वांना गुठळीचा धोका असतो. त्यांच्यापैकी कुणाला अकस्मात धाप लागली किंवा एकच पोटरी सुजली, तर "अशक्तपणा असेल" असे म्हणू नका. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा: ही गुठळी तर नव्हे ना? एवढा एक प्रश्न इथून प्रत्येकाने घरी न्यावा.

त्या ताई नंतर एकदा मला बाजारात भेटल्या. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "काका, तवा कुणी सांगितलं असतं तर आमी उसनंपासनं काढून तपासलं असतं." मित्रहो, उसने काढून तपासण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको होती; पण त्यांना सांगायला तर कुणीतरी हवेच होते. सांगण्याचे काम आपले आहे. ते आपण उद्याच्या पहिल्या पाळीपासून सुरू करू या.